मुंबई इंडियन्सची किंमत किती? आधी विचारा, कशाची किंमत?

पीएचडीच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात माझा विषय होता, ‘आयपीएल संघांची मैदानावरची कामगिरी आणि ब्रँड व्हॅल्यू’. दहा संघ, दरवर्षीचे आकडे इंटरनेटवर फुकट, रिग्रेशन चालवलं की झालं! गाईडनी मसुदा वाचला अन् एवढंच विचारलं, “हा आकडा मोजला कोणी, आणि मोजलं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेट पास होऊन विषय शोधणाऱ्या बऱ्याच जणांच्या यादीत हा विषय मला अजून दिसतो. म्हणून आज या मूल्यांकन अहवालांकडे जरा कडक नजरेने बघू.

सुरुवात मुंबई इंडियन्सपासून. फोर्ब्सने 2022 मध्ये या संघाची किंमत 1.3 अब्ज डॉलर सांगितली. 2024 मध्ये हुलिहान लोकीने ब्रँड व्हॅल्यू 20.4 कोटी डॉलर सांगितली. त्याच वर्षी ब्रँड फायनान्सने सांगितली 11.9 कोटी डॉलर. एका यादीत संघ चौथा, दुसऱ्या यादीत दुसरा. बातमीत मात्र तिन्ही वेळा एकच शब्द: ‘किंमत’.

यातला पहिला आकडा अख्ख्या धंद्याचा आहे. उरलेले दोन फक्त नावाचे, म्हणजे ब्रँडचे. त्यांची तुलना करणंच चूक. पण एकाच वर्षी, एकाच गोष्टीचं मोजमाप करणाऱ्या दोन संस्थांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, तेव्हा संशोधकाने थांबायला हवं.

हा फरक का पडतो, ते आमच्या वाडीतल्या उदाहरणाने समजून घेऊ. अमरावती रोडवरच्या एखाद्या गोडाऊनची किंमत तीन प्रकारे काढता येते. पुढे किती भाडं येईल त्यावरून, शेजारचं गोडाऊन कितीला विकलं गेलं त्यावरून, किंवा तसंच नवं बांधायला किती खर्च येईल त्यावरून. उत्पन्न, बाजार आणि खर्च, मूल्यांकनाच्या पुस्तकातल्या तीन पद्धती याच. गोडाऊनच्या बाबतीत निदान शेजारी व्यवहार होत असतात. आयपीएलचा अख्खा संघ मात्र क्वचितच विकला जातो. मग मूल्यांकन करणाऱ्याला गृहीतकांवर भिस्त ठेवावी लागते.

ब्रँड फायनान्सची पद्धत बघा. हे नाव तुमचं नसतं आणि भाड्याने घ्यावं लागलं असतं, तर तुम्ही किती रॉयल्टी दिली असती? तो दर गुणिले पुढच्या वर्षांचं अंदाजी उत्पन्न, आणि त्याचं आजचं मूल्य. रॉयल्टीचा दर ठरवताना ते ब्रँडच्या ताकदीला गुण देतात. इथेच माझा विषय कोसळला. संघ जिंकला की लोकप्रियता वाढते, गुण वाढतात, दर वाढतो, ब्रँड व्हॅल्यू वाढते. त्यावर मी ‘जिंकल्याने ब्रँड व्हॅल्यू वाढते का?’ असं रिग्रेशन चालवणार होतो. कामगिरीचा वास आश्रयी चलाला आधीच लागलेला. निकाल ‘सिग्निफिकंट’ येणारच होता, पण तो संघाबद्दल कमी अन् अहवालाच्या सूत्राबद्दल जास्त सांगणारा होता.

मग खरी किंमत कुठे दिसते? जिथे कोणीतरी खिशात हात घातला तिथे. त्यासाठी पुण्याएवढी चांगली केस नाही.

2008 च्या लिलावात सर्वांत महाग संघ होता मुंबई, 11.19 कोटी डॉलर. दोनच वर्षांनी सहाराने पुण्यासाठी 37 कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली, तेव्हाचे सुमारे 1,702 कोटी रुपये. पुढे सहाराचा वाद झाला तो सामन्यांच्या संख्येवरून: 94 सामने धरून बोली लावली, प्रत्यक्षात हंगाम 74 चा झाला. 2013 मध्ये हा संघ संपला. डिसेंबर 2015 मध्ये चेन्नई आणि राजस्थान निलंबित असताना फक्त दोन हंगामांसाठी पुण्याचा संघ पुन्हा निघाला. या वेळी बोली उलटी होती: मंडळाच्या केंद्रीय उत्पन्नातून तुम्हाला किती कमी वाटा चालेल? संजीव गोएंका यांच्या गटाने उणे 16 कोटींची बोली लावली. म्हणजे वाटा नकोच, उलट मंडळालाच पैसे. त्याच गोएंकांच्या समूहाने 2021 मध्ये लखनौसाठी 7,090 कोटींची बोली लावली.

शहर तेच, तर किंमत इतकी का बदलली? मालक तोच, तर लखनौला इतके पैसे का? कारण विकला जात होता तो हक्कांचा गठ्ठा: किती वर्षं खेळायचं, किती सामने, टीव्हीच्या पैशात वाटा किती. 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. लखनौच्या बोलीमागे हीच अपेक्षा होती. पुण्याचा दुसरा संघ 2017 च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरला. नाव गाजलं होतं, प्रेक्षक होते. पण मुदत संपली आणि संघही संपला.

हे फक्त आपल्याकडचं नाही. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आईस हॉकी लीगमध्ये अॅरिझोना कायोटीज हा संघ फोर्ब्सच्या 2023 च्या यादीत तळाला होता, 50 कोटी डॉलर. काही महिन्यांत, एप्रिल 2024 मध्ये, त्याचे खेळाडू आणि हॉकीचा सगळा पसारा युटाला गेला, 1.2 अब्ज डॉलरच्या व्यवहारात. ‘कायोटीज’ हे नाव मात्र सोबत गेलं नाही. नवीन मालकाने पैसे मोजले ते लीगमधल्या जागेसाठी.

आता उलट बाजूही बघू, नाहीतर व्हायव्हात अडकाल. व्यवहाराची किंमत म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. लिलावात सर्वांत आशावादी माणूस जिंकतो आणि बहुतेकदा जास्त मोजतो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. शिवाय लखनौचे 7,090 कोटी दहा वर्षांत, दरवर्षी 709 कोटी असे द्यायचे आहेत. दर 10 टक्के आणि हप्ता वर्षाअखेरीस धरला, तर आजचं मूल्य सुमारे 4,350 कोटीच भरतं. आणि असे व्यवहार इतके थोडे की त्यांच्यावर रिग्रेशन चालतच नाही.

अहवालही टाकाऊ नाहीत. एकाच संस्थेची पद्धत तीच राहिली असेल, तर वर्षागणिक कल कळतो. फक्त त्यांना ‘डेटा’ म्हणू नका, ‘अंदाज’ म्हणा, आणि सूत्रात काय काय घातलंय ते सिनॉप्सिसमध्येच लिहा. सूत्र उघड नसेल तर तो आकडा आश्रयी चल म्हणून घेऊच नका.

मी विषय बदलला. आता ‘कराराच्या अटी आणि फ्रँचायझीच्या बोली’ असा केस स्टडी करतोय. नमुना छोटा आहे, तक्ते कमी आहेत. पण गाईडनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा या वेळी उत्तर होतं.