सिलिकोसिसचे उंदीर आणि माजरीची धूळ

सिलिकोसिसच्या दाहावरचा कुठलाही नवा शोधनिबंध उघडा, पहिल्याच पानावर २००८ सालच्या तीन निबंधांचे संदर्भ बहुतेक सापडतीलच. एक ‘सायन्स’मधला, स्वित्झर्लंडच्या युर्ग चॉप यांच्या गटाचा. दुसरा ‘नेचर इम्युनॉलॉजी’मधला, आयके लाट्झ यांच्या गटाचा. तिसरा ‘पीएनएएस’मधला, आयोवाच्या फय्याज सुत्तरवाला यांच्या गटाचा. भक्षक पेशींवर काम करणाऱ्या आम्हा पीएचडीवाल्यांसाठी हे तीन म्हणजे जवळजवळ पाठ्यपुस्तकच. आज ते जरा टीकेच्या नजरेने वाचू. माझा प्रश्न साधा आहे: वेकोलिच्या खुल्या खाणींनी वेढलेल्या माजरीत जो माणूस पंधरा-वीस वर्षं धूळ खातो, त्याच्या फुफ्फुसाबद्दल हे निबंध किती सांगतात?

आधी त्यांचं म्हणणं समजून घ्या. फुफ्फुसाच्या टोकाला हवेचे इवलेसे फुगे असतात, वायुकोश. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. श्वासातून आलेली धूळ, जीवाणू, मेलेल्या पेशी, सगळं गिळून साफ करणं हे त्यांचं रोजचं काम. गिळलेली वस्तू पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत जाते आणि तिथे पचते. सिलिकाचा स्फटिक पचत नाही. उलट पिशवीच फाटते. आतली विकरं पेशीत सांडतात, एनएलआरपी३ हे प्रथिन जागं होतं आणि आयएल-१ बीटा हा दाहाचा निरोप बाहेर जातो. त्या निरोपावर रक्तातून न्यूट्रोफिल पेशींची फौज येते आणि शत्रू समजून घरच्याच ऊतींचं नुकसान करते. दरम्यान मूळ पेशी मरते, पण स्फटिक जसाच्या तसा. तो पुढची पेशी गिळते. पुन्हा तेच. धुळीचं काम सोडल्यावरही सिलिकोसिस वाढत राहतो तो बराचसा यामुळेच.

आता टीका. पहिली गोष्ट, यातली निम्मी कथा जुनी आहे. सिलिकामुळे लायसोसोम फाटून भक्षक पेशी मरते, हे अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं. पुढच्याच वर्षी हेपलस्टन आणि स्टाइल्स यांनी सिलिका खाल्लेल्या भक्षक पेशींमधून काढलेला अर्क तंतुपेशींना दिला, तर त्या जास्त कोलॅजन बनवू लागल्या. म्हणजे व्रण तयार करणारा निरोप भक्षक पेशीतून निघतो हेही तेव्हाच दिसलं होतं. २००८ ने त्या निरोप्याचं नाव सांगितलं. हे काम लहान नाही, फक्त सुरुवात तिथून झाली असं आपण लिहितो ते चूक. शिवाय यंत्रणा नेमकी कशाने जागी होते यावर या निबंधांचंही एकमत नव्हतं. चॉप यांचा भर ऑक्सिजनच्या दाहक रेणूंवर, लाट्झ यांचा फाटलेल्या पिशवीवर. २०१३ मध्ये पेशीतून पोटॅशियम बाहेर पडणं हा समान दुवा म्हणून पुढे आला.

माझा खरा आक्षेप प्रयोगाच्या मांडणीवर आहे. बशीतल्या भक्षक पेशीला नुसती सिलिका दिली तर ती फारसा आयएल-१ बीटा सोडत नाही. म्हणून आधी तिला एलपीएस, म्हणजे जीवाणूच्या कवचातला रेणू, देऊन तयार करतात. पद्धत निबंधात उघड लिहिलेली असते, त्यात लपवाछपवी नाही. पण फुफ्फुसात हा पहिला इशारा कोण देतं? बिडीचा धूर? चुलीचा? डंपरच्या डिझेलचा? की आत दबा धरून बसलेला क्षयाचा जंतू? बशीत तो आम्ही ड्रॉपरने देतो आणि प्रश्न तिथेच संपतो. माजरीच्या माणसासाठी तर खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

मग मात्रा. उंदराच्या नाकातून किंवा श्वासनलिकेतून शुद्ध सिलिका एकदम सोडायची आणि काही आठवडे किंवा महिन्यांनी फुफ्फुस बघायचं, ही रूढ पद्धत. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर कामठी वालुकाश्माचे थर आहेत. तो फोडून ‘ओबी’ काढतात, तेव्हा ड्रिलजवळ क्वार्ट्झची धूळ उडते, खाली कोळशाची. रोज थोडी, मिश्र, वर्षानुवर्षं. दगड जास्त कापला की काय होतं हे अमेरिकेत दिसलं: नैऋत्य व्हर्जिनियातल्या फक्त तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात कोळसा खाणकामगारांमधल्या सर्वांत गंभीर प्रकारच्या फुफ्फुसरोगाचे ४१६ रुग्ण नोंदले गेले. तिथले कोळशाचे थर पातळ, त्यामुळे सोबत खडकही कापला जातो, हे त्याचं एक मुख्य कारण मानतात.

सुत्तरवाला गटाच्या निबंधाचं शीर्षक म्हणतं की सिलिकोसिस होण्यासाठी ही यंत्रणा ‘अत्यावश्यक’ आहे. उंदरांत ती काढल्यावर दाह आणि व्रण कमी झाले, इतकं मला मान्य. पण दाह आणि व्रण ही जोडी वाटते तितकी पक्की नाही. २०१० मध्ये बेल्जियमच्या गटाने उंदरांत आयएल-१७ए चा मार्ग अडवला. दाह उतरला, व्रण मात्र झालेच. माणसाला धाप लागते ती मुख्यतः व्रणाने. त्यामुळे दाह कमी झाल्याचा आलेख दाखवून कोणी ‘उपचाराची दिशा’ म्हणालं, की मी दोनदा वाचते.

आणि उपचार म्हणून आयएल-१ बीटा रोखायचाच तर? ते औषध आहे, कॅनाकिनुमॅब. २०१७ च्या कँटोस चाचणीत हृदयविकाराच्या १०,०६१ रुग्णांवर ते तपासलं. हृदयाचे झटके थोडे कमी झाले, जीवघेणे संसर्ग वाढले. आता हे सिलिका भरलेल्या फुफ्फुसात कल्पून बघा. सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो हे फार जुनं, पक्कं निरीक्षण आहे. आणि आयएल-१ चा निरोपच न कळणारे उंदीर क्षयाने लवकर मरतात. म्हणजे जो निरोप व्रणाकडे नेतो, तोच जंतूला अडवतो. सिलिकोसिसवरच्या निबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात औषधाची आशा असते, पण क्षयाचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. हे लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या शहरात क्षय फारसा नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

मला हवा असलेला प्रयोग अवघड नाही, वेळखाऊ आहे. ड्रिल चालवणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या पेशी घ्या. दवाखान्यात दुर्बिणीने तपासणी होतेच, तेव्हा संमतीने त्या मिळू शकतात. बाजारातली शुद्ध सिलिका नको, खाणीतली गाळलेली धूळ वापरा. एलपीएस देऊ नका. क्षय होऊन गेलेले आणि न झालेले असे दोन गट ठेवा, आणि त्यांत कंत्राटी कामगारही घ्या, कारण ओबीचं बरंचसं काम कंत्राटावरच चालतं. मग बघू, एनएलआरपी३ किती जागं होतं.