माशांची वर्णदृष्टी आणि प्रयोगशाळेतील उपकरणे : एक चिकित्सा

मासा रंग ओळखतो की केवळ उजेडाचा कमी-अधिकपणा जाणतो, हे त्याच्या वर्तनावरूनच ठरवावे लागते. त्यामुळे या विषयात निष्कर्षाआधी उपकरणाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असा प्रयोग करावयाचा झाल्यास काचेची टाकी, रंगीत कागद व खाद्य एवढे साहित्य पुरते. साहित्याचा स्वस्तपणा हा दोष मानण्याचे कारण नाही. लाल कागदाकडे मासा वळला की ‘माशाला लाल रंग ओळखता येतो’ अशी नोंद प्रयोगवहीत होते. दोष त्या घाईत आहे. तो कागद माशाला केवळ अधिक गडद दिसला असण्याची शक्यता तशीच शिल्लक राहते.

नेमका हाच वाद विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत झाला. नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी अंधाऱ्या खोलीत टाकीवर वर्णपट पाडला. मासे पिवळसर हिरव्या भागात जमले. पूर्णतः वर्णांध माणसालाही तोच भाग सर्वाधिक उजळ भासतो. यावरून त्यांनी मासे वर्णांध ठरविले. पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी मिनो जातीच्या माशांना विशिष्ट रंगापाशी खाद्य शोधण्यास शिकविले आणि मग तो रंग अनेक राखाडी छटांमध्ये मिसळून ठेवला. वर्णांध डोळ्याला त्यांपैकी एखादी छटा त्या रंगासारखीच दिसली असती. माशांनी रंग अचूक निवडला. हेस यांची मांडणी भौतिकीच्या दृष्टीने नेटकी होती, परंतु तिने माशाची ओढ मोजली. ओळख मोजलीच नाही.

उभ्या पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाविषयीही सावध राहावे लागते. पट्ट्यांमागे मासा पोहतो, म्हणून प्रशिक्षणाचा वेळ वाचतो. मात्र १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेरर व नॉयमायर यांच्या संशोधनानुसार गोल्डफिशची गतिदृष्टी वर्णांध आहे. ती प्रामुख्याने लांब तरंगलांबीच्या शंकूपेशींवर चालते. प्रशिक्षणाच्या प्रयोगांत तोच मासा चार प्रकारच्या शंकूपेशींच्या आधारे रंग ओळखतो. मासा एकच, उपकरणे दोन आणि उत्तरे परस्परविरोधी!

चौथी शंकूपेशी अतिनील प्रकाशाची आहे. भारतीय उपखंडातील ओढ्यांत आढळणाऱ्या झेब्राफिशमध्येही ती असते. पांढऱ्या एलईडी दिव्यात अतिनील भाग जवळपास नसतो, म्हणजे चौथ्या रंगाची परीक्षा आरंभीच रद्द होते. पैठणच्या नाथसागरातील पावसाळी गढूळ पाण्यात अतिनील किरण थोड्याच खोलीत विरतात, तेव्हा तेथील माशांसाठी हा मुद्दा गौण असू शकेल. स्वच्छ, उथळ ओढ्यातील माशांसाठी तसे म्हणता येणार नाही.

महागडे यंत्र नसले तरी राखाडी कागदांची मालिका तयार करता येते. चाचणीच्या वेळी खाद्य पूर्णपणे काढून घ्यावे, अन्यथा मासा वासावर जातो. कागदांच्या जागा प्रत्येक फेरीत बदलाव्यात आणि नोंद घेणाऱ्यास योग्य कागद कोणता हे ठाऊक नसावे.