फळावरून सत्याची पारख?

झाडाच्या बुंध्याला बिलगलेली एक खार. तिला पाहण्यासाठी एक माणूस झाडाभोवती फिरतो; पण खारही तितक्याच वेगाने सरकते आणि झाड सतत दोघांच्या मध्ये राहते. मग माणूस खारीभोवती फिरला की नाही? सहलीला गेलेल्या मित्रांचा हा वाद विल्यम जेम्सने एका प्रश्नाने मिटवला : ‘भोवती फिरणे’ म्हणजे तुम्हांला नेमके काय अभिप्रेत आहे? तिच्या चारही दिशांना क्रमाने जाणे, असा अर्थ घेतला तर तो फिरला; तिच्या समोरून, बाजूने, पाठीमागून जाणे, असा घेतला तर नाही.

‘प्रॅग्मॅटिझम’ (१९०७) या जेम्सच्या व्याख्यानसंग्रहातील हा प्रसंग फलप्रामाण्यवादाचे खरे सामर्थ्य दाखवतो. या पद्धतीचा जनक चार्ल्स पर्स. कल्पनेचा अर्थ तिच्या संभाव्य परिणामांत शोधावा, असे त्याने १८७८ च्या निबंधात मांडले आणि उदाहरण निवडले ते ख्रिस्तप्रसादाचे! द्राक्षारसाचे सारे इंद्रियगोचर गुण कायम असताना त्याला रक्त म्हणणे पर्सला निरर्थक वाटले. इहपरलोकीच्या परिणामांविषयी एकमत असेल, तर कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात या बाबतीत मतभेदच उरत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

जेम्सने हेच उदाहरण घेतले, परंतु निर्णय उलटा दिला. ‘द्रव्य’ ही तत्त्वज्ञांची कल्पना एरवी निरुपयोगी. येथे मात्र ती जिवंत होते, कारण भाविक साक्षात दैवी तत्त्वाचे सेवन करतो. लगेच तो एक अट घालतो : ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष उपस्थितीवर ज्यांचा अन्य आधारांवर आधीच विश्वास आहे, तेच ही कल्पना गंभीरपणे घेतील.

माझ्या मते या अटीतच जेम्सच्या सत्यविचाराची मर्यादा उघड होते. पुढे तो सत्याला विचाराच्या मार्गातील हितकर गोष्ट म्हणतो. पण विश्वास आधी असेल तरच फळ मिळत असेल, तर ते फळ विश्वासाचे प्रमाण कसे ठरेल? वस्तुस्थितीशी जुळणे, हा सत्याचा जुना निकष मागच्या दाराने परत येतोच. जेम्सवर अन्याय नको : मनाला सुखावेल ते खरे, असे तो म्हणत नाही, वास्तवाशी व पूर्वीच्या सत्यांशी मेळ त्यालाही हवा आहे. तरीही आपल्या पद्धतीचा विस्तार पर्सला रुचला नाही. १९०५ मध्ये त्याने स्वतःच्या मताला मुद्दाम वेगळे, बोजड नाव दिले.

हा प्रश्न केवळ ग्रंथातला नाही. ‘श्रद्धेने मनःशांती लाभते, म्हणून श्रद्धा खरी’ असा युक्तिवाद आपण व्यासपीठांवरून सर्रास ऐकतो. त्यावर टाळ्या पडतात. पण तोच युक्तिवाद कोणत्याही भ्रमाला तितकाच लागू पडतो, हे ध्यानात येत नाही. शब्दांच्या गुंत्यात अडकलेल्या वादात खारीचा प्रश्न अवश्य विचारावा. तो अर्थ स्वच्छ करील. त्यानंतर ‘हे खरे आहे काय?’ हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे, प्रामाणिकपणे विचारावाच लागेल.