लेझरचा गुण की लटक्या उपचाराचा?

शाळेच्या जीवशास्त्रात रजोनिवृत्तीच्या वाट्याला एखाद-दुसरे वाक्य येते. पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास पाळी थांबते, एवढे सांगून पुस्तक पुढच्या धड्याकडे वळते. शरीर मात्र तिथे थांबत नाही. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन फार कमी होते आणि या संप्रेरकावर पोसलेले योनिमार्गाचे अस्तर पातळ होऊ लागते. अस्तराच्या पेशींतील ग्लायकोजेन घटते. त्यावर जगून लॅक्टिक आम्ल बनवणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू विरळ होतात. एरवी चारच्या आसपास राहणारा पीएच पाचाच्या वर जातो. कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हा सारा त्रास या एका साखळीतून येतो. अंगातून वाफा येण्याचा त्रास बहुतेकींचा काही वर्षांत ओसरतो. हा सहसा आपोआप ओसरत नाही, उलट वाढू शकतो.

यावर घरात बोलायची सोय नसते. दवाखान्यातही बाई कंबरदुखीपासून सुरुवात करते आणि खरी तक्रार न सांगताच उठते. ज्या दुखण्याविषयी कोणी बोलत नाही, त्यावरच्या उपायाची चिकित्साही कोणी करत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत लेझर यंत्रांचा बाजार वाढला तो याच शांततेत. मुंबई-पुण्यातल्या जाहिरातींतही आता ‘विनाशस्त्रक्रिया, विनाऔषध, तीन बैठकांत कायाकल्प’ अशा धर्तीची आश्वासने दिसतात. या दाव्यामागचा पुरावा तपासण्यासारखा आहे. प्रयोग कसा करावा आणि कसा करू नये, याचा तो उत्तम पाठ आहे.

यंत्रामागील कल्पना समजायला सोपी आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण अवरक्त असतो, तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर. या लांबीचा प्रकाश पाणी फार चटकन शोषून घेते आणि ऊतींत पाणीच जास्त असते. त्यामुळे किरण पडेल तिथली ऊती क्षणात तापून तिची वाफ होते. सलग पट्टा न भाजता बारीक बारीक ठिपके पाडायचे आणि मधली ऊती शाबूत ठेवायची, ही या पद्धतीची युक्ती. ठिपक्यांच्या जखमा भरताना नवे कोलॅजेन तयार होईल, रक्तपुरवठा वाढेल आणि अस्तर जाड होईल, अशी अपेक्षा. चेहऱ्याच्या त्वचेवरची ही पद्धत योनिमार्गात आणली गेली. अपेक्षा अशक्य कोटीतली नाही. पण मुळात इस्ट्रोजेनच नसताना जखमेतून भरून आलेले अस्तर किती काळ टिकेल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता.

२०१४ साली इटलीतील सालवातोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० स्त्रियांवरचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन बैठका झाल्या आणि बारा आठवड्यांनी सर्व लक्षणांत सुधारणा दिसली. ५० पैकी ४२ जणींनी समाधान व्यक्त केले. चौऱ्याऐंशी टक्के! जाहिरातीला यापेक्षा काय हवे? मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. उपचाराआधी विचारले, नंतर विचारले आणि फरक नोंदला. प्राथमिक अभ्यास म्हणून त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याच्या भरवशावर यंत्रे विकणे.

तुलनेचा गट नसला की काय होते, हे वैद्यकाला दोनशे वर्षांपूर्वीच समजले होते. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या एलिशा पर्किन्सने १७९६ मध्ये दोन धातूंच्या टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की वेदना ओढून घेतल्या जातात, असा त्याचा दावा होता. कांड्या महाग होत्या आणि गुण आल्याचे सांगणारे पुष्कळ होते. १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ या वैद्याने हुबेहूब तशाच लाकडी कांड्या करून घेतल्या आणि जुन्या सांधेदुखीच्या पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना आराम पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तर निकाल जवळजवळ तोच. रोगी खोटे बोलत नव्हते. आराम खरा होता, तो कांडीचा नव्हता एवढेच.

लेझरच्या बाबतीत लाकडी कांडी ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे तयार झाली. ८५ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला खरा लेझर मिळाला. दुसऱ्या गटालाही तेच यंत्र, तेवढ्याच तीन बैठका. फक्त ऊर्जा इतकी कमी ठेवलेली की ऊतीवर परिणाम होऊ नये. लटका उपचार वाट्याला येऊ शकतो याची पूर्वकल्पना देऊनच अशा चाचणीसाठी संमती घेतात. आपण कोणत्या गटात आहोत हे मात्र सहभागी स्त्रीला कळत नाही. वर्षभरानंतरचे निकाल २०२१ च्या ऑक्टोबरात ‘जामा’ या नियतकालिकात आले. शंभर गुणांच्या मापावर लेझर गटाचा त्रास सरासरी १७.२ गुणांनी कमी झाला होता. लटक्या उपचाराच्या गटाचा २६.६ गुणांनी.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत. आधी फक्त १७.२ लिहून विद्यार्थ्यांना विचारावे, उपचार उपयोगी आहे का? बहुतेक हात वर होतील. मग दुसरा आकडा लिहावा. मात्र लटका उपचार लेझरपेक्षा सरस ठरला, असेही यातून म्हणता येत नाही. ८५ जणींच्या चाचणीत अनिश्चिततेची मर्यादा मोठी राहते आणि या दोन आकड्यांतला फरक त्या मर्यादेच्या आतला आहे. दोन्ही गटांत फरक आढळला नाही, इतकेच म्हणायचे. ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हाही लेझरची बाजू वरचढ दिसली नाही.

लटक्या उपचाराने त्रास का कमी व्हावा? केवळ मनाचे खेळ म्हणून हे उडवून लावू नये. माणूस उपाय शोधत येतो तो त्रास शिगेला पोचलेला असताना, आणि शिगेला पोचलेली गोष्ट काहीशी खाली येतेच. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परत येणे म्हणतात. शिवाय जे वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही, ते या चाचणीत कोणीतरी दर भेटीला शांतपणे विचारते. मला तरी हे कारण लहान वाटत नाही.

एका चाचणीवर निकाल देऊ नये, हे खरेच. सालवातोरे व सहकाऱ्यांनीही २०२१ मध्ये ५८ स्त्रियांवर लटक्या उपचाराशी तुलना केली आणि त्यांना लेझर सरस आढळला. उलट बेल्जियममधील लूव्हेन येथे ६० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसा फरक मिळाला नाही. लेझरची तुलना इस्ट्रोजेनच्या मलमाशी करणारी एक अमेरिकी चाचणी २०२० मध्ये आली. तीत सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते आणि ‘लेझर मलमाइतकाच गुणकारी’ असा तिचा अर्थ लावला गेला. पण लटक्या उपचाराचा तिसरा गट नसताना दोन्ही गटांतली किती सुधारणा उपचाराची, हे कसे ठरवणार?

हाच काटा मलमाच्या बाजूलाही लावला पाहिजे. अमेरिकेतच ३०२ स्त्रियांवरच्या २०१८ च्या चाचणीत १० मायक्रोग्रॅम इस्ट्रॅडिऑलची योनीत ठेवायची गोळी, हार्मोन नसलेले ओलावा देणारे जेल आणि दोन्ही निष्क्रिय असलेली जोडी असे तीन गट होते. बारा आठवड्यांत तिन्ही गटांचा मुख्य त्रास जवळजवळ सारखाच कमी झाला. मग इस्ट्रोजेनवर विश्वास कशाला? कारण त्याचा परिणाम केवळ तक्रारींच्या गुणांवर तोललेला नाही. रझ आणि स्टॅम यांनी १९९३ मध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या ९३ स्त्रियांवर इस्ट्रिऑल मलमाची निष्क्रिय मलमाशी तुलना केली. खऱ्या मलमाने पीएच ५.५ वरून ३.८ वर आला, लॅक्टोबॅसिलस परतले आणि संसर्गाचे प्रमाण दर स्त्रीमागे वर्षाला ०.५ राहिले. निष्क्रिय मलमाच्या गटात ते ५.९ होते. पीएच काही समजूत घातल्याने उतरत नाही.

औषध बाजारात येण्याआधी असा पुरावा मागितला जातो. यंत्राची वाट निराळी असते. अमेरिकेत नवे यंत्र आधीच्या मान्य यंत्रासारखेच आहे असे दाखवले, तर बहुधा तेवढ्यावर मंजुरी मिळते. हे लेझर ऊती कापण्यासाठी, जाळण्यासाठी, गर्भाशयमुखावरील कर्कपूर्व पेशी किंवा जननेंद्रियावरील चामखिळी नष्ट करण्यासाठी मान्य झालेले होते. रजोनिवृत्तीच्या त्रासावर ते वापरण्याला मान्यता नव्हती. ३० जुलै २०१८ रोजी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला आणि सात उत्पादकांना पत्रे पाठवली. भाजणे, व्रण पडणे, संबंधाच्या वेळी वेदना, कायमचे दुखणे अशा तक्रारींचा त्या इशाऱ्यात उल्लेख होता. ज्या वेदनेसाठी उपचार घ्यायचा, तीच वेदना यादीत! आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पण यंत्राला परवाना आहे म्हणजे जाहिरातीतला प्रत्येक गुण सिद्ध झाला आहे, असे कोणी समजू नये.

लेझरची सर्वांत जास्त आस असलेला एक गट आहे तो स्तनाच्या कर्करोगातून बरे झालेल्या आणि इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचा. त्यांचा कोरडेपणा अधिक तीव्र असतो आणि इस्ट्रोजेनचे मलम द्यायला डॉक्टर कचरतात. ‘विनाऔषध’ हा शब्द त्यांना सर्वांत जवळचा वाटणार. स्पेनमधील बार्सिलोना येथे अशाच ७२ स्त्रियांना चाचणीत घेतले होते. सहा महिन्यांनंतर लेझर गट आणि लटक्या उपचाराचा गट दोन्ही सुधारले, पण दोहोंत फरक नव्हता. २०२३ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. या स्त्रियांसाठी आज तरी ओलावा देणारे जेल व वंगण हा पहिला उपाय आहे. त्याने भागले नाही तर अगदी कमी मात्रेचे स्थानिक इस्ट्रोजेन चालेल का, हे कर्करोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारावे लागते. त्यासाठी खरी तक्रार तोंडाने सांगावी लागते.