नकाराचा सूर आणि त्याचा खरेदीदार

'रेज अगेन्स्ट द मशीन' या लॉस एंजेलिसच्या बँडची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९९२ मध्ये निघाली. वेष्टनावर माल्कम ब्राउन यांनी ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये टिपलेले छायाचित्र आहे. दिएम राजवटीच्या बौद्धविरोधी दडपशाहीच्या निषेधार्थ भिक्खू थिच क्वांग डुक भर रस्त्यात मांडी घालून निश्चल जळत आहेत. घरात बुद्धाची तसबीर असणाऱ्या वाचकाला हे वेष्टन सहजासहजी बाजूला ठेवता येणार नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला बडवणारे गोरे पोलीस ज्यूरीने सोडले आणि लॉस एंजेलिस पेटले. मुद्रिकेतला संताप त्याच हवेतला आहे. रॅप ब्राँक्सच्या काळ्या वस्तीतले. मेटलचा श्रोता बहुतांशी गोरा. झॅक द ला रोचा गात नाही, ठणकावून बोलतो. त्याच्या शब्दांमागे ढोल आणि बास घणासारखे पडतात. टॉम मोरेलो गिटारची कळ खालीवर करून सूर तोडतो, तारांवर हात घासून तबकडी खरवडल्याचा आवाज काढतो. सिंथेसायझर वा उसने ध्वनितुकडे वापरलेले नाहीत, असे वेष्टनातच बजावले आहे. सारे आवाज माणसाच्या हाताचे! हा श्रमाचा अभिमान मला शब्दांतल्या घोषणांपेक्षा खरा वाटतो.

मात्र मुद्रिका काढली सोनीच्या मालकीच्या एपिक कंपनीने. संदेश दूरवर न्यायचा तर बाजाराचीच गाडी धरावी लागते, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. २००९ च्या नाताळात ब्रिटनमध्ये दूरदर्शन-स्पर्धेतल्या विजेत्याचे गाणे पाडण्यासाठी लोकांनी मोहीम काढून 'किलिंग इन द नेम' पहिल्या क्रमांकावर नेले. पडलेले गाणेही सोनीचेच होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार पॉल रायन यांनी हा बँड आवडत असल्याचे सांगितले, तेव्हा मोरेलोने त्यांना लेखातून फटकारले. ठीकच. पण रायन आत शिरले ती फट कोणी ठेवली? 'किलिंग इन द नेम' पोलिसांतल्या वंशद्वेष्ट्यांवर बोट ठेवून सुरू होते आणि अखेरीस आज्ञा न पाळण्याचा नुसता घोष उरतो. बापावर रुसलेला सुखवस्तू मुलगाही तोच घोष करू शकतो.

'फ्रीडम' या गाण्याच्या चित्रफितीत ती फट नाही. तिथे लिओनार्ड पेल्टिअर या आदिवासी कार्यकर्त्याचा खटला आहे, नावानिशी. १९७६ पासून कैदेत असलेले पेल्टिअर फेब्रुवारी २०२५ मध्ये तुरुंगातून घरी आले, तेही स्थानबद्ध म्हणून.