झोपेची वकिली

मॅथ्यू वॉकर यांचा ‘व्हाय वुई स्लीप’ हा ग्रंथ २०१७ साली प्रसिद्ध झाला व त्याचा फार बोलबाला झाला. ग्रंथकार बर्कलेच्या विद्यापीठातील मेंदूशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हा अधिकाराचा प्रश्नच नाही.

स्मृतीवरील प्रकरण आम्ही दोनदा वाचले. एका व्याख्यानानंतर एक पियानोवादक वॉकर यांस म्हणाला की, रात्री कितीही घोटून जो तुकडा बोटांस साधत नाही, तो सकाळी उठताच आपसूक वाजू लागतो. असे बोल आपण सारेच ऐकतो आणि मान डोलावून विसरतो. वॉकर यांनी मात्र त्यातून प्रयोग उभा केला. उजव्या हाताच्या माणसांकडून डाव्या बोटांनी ४-१-३-२-४ हे आकडे भराभर दाबून घेतले. सकाळी शिकलेल्यांची गती बारा तास जागे राहून म्हणण्यासारखी वाढली नाही. रात्री शिकून झोपलेल्यांची सुमारे २० टक्क्यांनी वाढली, आणि अचूकपणाही ढळला नाही. हा निबंध २००२ सालचा.

पण २००८ साली टिमथी रिकर्ड व त्यांचे सहकारी यांनी मार्मिक शंका काढली. सरावाच्या अखेरीस बोटे थकलेली असतात. थकल्या गतीशी ताज्या गतीची तुलना केली म्हणजे लाभ फुगून दिसावयाचाच. मध्ये पुरेशी विश्रांती देऊन शिकविले, तेव्हा झोपेने घातलेली भर त्यांस आढळली नाही. झोप आठवणींत भर घालते, की असलेल्या आठवणी केवळ राखते? शास्त्राचा खरा रस येथे आहे. ग्रंथाच्या निःशंक सुरात मात्र या वादाची छायाही नाही.

न्यायाधीशाचे आसन सोडून ग्रंथकार वकिलाच्या जागी उभे राहिले, ही आमची मुख्य तक्रार. खेळाडू मुलांच्या दुखापतींच्या आलेखातून पाच तास झोपणाऱ्यांचा स्तंभ गळला असल्याचे पुढे चिकित्सक वाचकांनी उघडकीस आणले. तो असता, तर ‘झोप कमी, दुखापत अधिक’ ही चढती पायरी मोडली असती. अशील सच्चे असता वकिलाने पुरावा का झाकावा? शिवाय अल्प निद्रेस जोडलेल्या रोगांची जंत्री इतकी भयंकर आहे की, निद्रानाशाने पीडित मनुष्याने हा ग्रंथ निदान रात्री तरी उघडू नये!

परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांस जागविणाऱ्या आईबापांनी स्मृतीवरील प्रकरण अवश्य वाचावे. रोगांची प्रकरणे वाचताना पेन्सिल हाती असावी.