मत न देण्याचा अर्थ : जिनिव्हातील एक दिवस आणि लोकशाही देश



पत्रिकेवर आमच्या विषयाचे नाव जरा भारदस्त छापले गेले आहे: ‘लोकशाही राष्ट्रांचे सहकार्य आणि मानवी हक्कांचे ठराव’. नुसते नाव वाचूनच जांभई यावी. तेव्हा नाव बाजूला ठेवू आणि एका दिवसाकडे बघू.

दिवस ६ ऑक्टोबर २०२२. स्थळ जिनिव्हा, संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद. परिषदेचे सदस्य ४७. त्या दिवशी दोन मतदाने झाली. एक श्रीलंकेविषयी. यादवी युद्धातील अत्याचारांचे पुरावे गोळा करून जपण्याचे जे काम मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडे आधीच सोपवलेले होते, ते पुढे चालू ठेवावे असा ठराव. बाजूने २०, विरुद्ध ७, तटस्थ २०. ठराव मंजूर. दुसरे मतदान चीनच्या शिनजियांग प्रांतातील उइघुर मुसलमानांविषयी. बाजूने १७, विरुद्ध १९, तटस्थ ११. प्रस्ताव फेटाळला गेला. भारत दोन्ही वेळा तटस्थ.

आता या दुसऱ्या प्रस्तावात काय मागितले होते, ते नीट ऐका. चीनचा निषेध करा असे त्यात नव्हते. चौकशी आयोग नेमा असेही नव्हते. ३१ ऑगस्टच्या रात्री, मिशेल बाशेले यांची उच्चायुक्तपदाची मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना, त्यांच्या कार्यालयाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तेथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडलेले असू शकतात, असे त्यात म्हटले होते. या अहवालावर पुढच्या अधिवेशनात चर्चा करावी, एवढेच मागणे होते. फक्त चर्चा! आणि ते दोन मतांनी फेटाळले गेले.

विरोधात चीन, क्यूबा, पाकिस्तान होते यात नवल नाही. पण इंडोनेशिया, सेनेगल, नामिबिया आणि नेपाळ हेही विरोधात होते. हे निवडणुका घेणारे देश आहेत. तटस्थांत भारत, ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना. अकरा तटस्थांपैकी फक्त तिघांनी बाजूने हात वर केला असता, तर २० विरुद्ध १९ असा निकाल लागला असता. म्हणजे चीनला वाचवले ते हुकूमशहांनी नाही, लोकशाहीवाल्यांनी. असे का झाले, याची तीन उत्तरे आपल्याकडे दिली जातात. आज ती तिन्ही तपासून बघायची आहेत.

पहिले उत्तर दांभिकतेचे. पाश्चात्त्य देशांना मानवी हक्कांचा कळवळा सोयीनुसार येतो, मग आपण त्यांच्या मागे का जावे? या उत्तराची आम्ही थट्टा करणार नाही. गोव्यातल्या माणसासमोर तर मुळीच नाही. १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरले असताना सुरक्षा परिषदेत ठराव आला, की भारताने सैन्य मागे घ्यावे. ठराव मांडणारे कोण? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. बाजूने सात मते, विरुद्ध चार. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो पडला. भारताच्या बाजूला उभे राहिले ते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. बळाचा वापर करावा का, हा प्रश्न तेव्हा खरा होता, तो आम्ही नाकारत नाही. पण साडेचारशे वर्षांच्या वसाहतीविषयी आणि त्या गोळीबाराविषयी ज्यांनी तोवर मूग गिळले होते, त्यांना कायदा आठवला तो त्या दिवशी. हे कोण विसरेल?

आणि हे जुने झाले म्हणावे, तर ताजे बघा. ५ एप्रिल २०२४ ला याच परिषदेत गाझाविषयी ठराव आला. इस्रायलला शस्त्रे देणे थांबवा, हे त्यात होते. २८ बाजूने, ६ विरुद्ध, १३ तटस्थ. विरुद्ध मत देणाऱ्यांत अमेरिका आणि जर्मनी. शिनजियांगवर चर्चा हवी म्हणणारे हेच दोघे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मराठीत याहून नेमके वर्णन नाही.

तरीही आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आरोप करणारा दांभिक आहे, यावरून आरोप खोटा आहे असे निघत नाही. चोराने दुसऱ्या चोराकडे बोट दाखवले, तर बोट दाखवणारा चोर आहे हे खरेच. पण म्हणून दुसरा साव ठरत नाही. अमेरिकेच्या दुटप्पीपणाचा हिशेब अमेरिकेशी करावा. तो उइघुर कैद्याच्या खात्यावर का मांडायचा? त्याने गोव्याच्या वेळी काही केले नव्हते.

दुसरे उत्तर तत्त्वाचे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी सांगितले, की शिनजियांगमधील लोकांच्या हक्कांचा आदर व्हायला हवा. पण एखाद्या देशाला लक्ष्य करणारे ठराव उपयोगी पडत नाहीत, संवादाचा मार्ग बरा, ही आपली जुनी भूमिका आहे. वाक्य सभ्य आहे. पण ‘जुनी भूमिका’ हे शब्द आले की आम्हांला जुनी कागदपत्रे आठवतात.

१९४६ साल घ्या. भारत अजून स्वतंत्रही नव्हता. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित. समोर फील्ड मार्शल स्मट्स. या स्मट्स यांचा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेला हात लागलेला. त्यांचा युक्तिवाद काय होता? हा आमच्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमानुसार तुम्हाला यात बोलता येणार नाही. आपण म्हटले, येते. ८ डिसेंबर १९४६ ला ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक त्या दोन-तृतीयांश बहुमताने, ठराव मंजूर झाला. मित्रहो, एखाद्या देशाचे नाव घेऊन त्याच्या घरातल्या अन्यायाविषयी जगाच्या व्यासपीठावर बोलण्याची वाट ज्यांनी पाडली, त्यांत आपण पहिल्या रांगेत होतो. आज जो युक्तिवाद चीन करतो, तो स्मट्स यांचा आहे. आणि आपण त्याला मान डोलावतो.

श्रीलंकेचेच बघा. मे २००९ मध्ये युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा श्रीलंका सरकारचे कौतुक करणारा ठराव परिषदेत आला, आणि आपण त्याच्या बाजूने मत दिले. २०१२ मध्ये श्रीलंकेकडून जबाबदारीची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने दिले. २०१३ मध्ये पुन्हा बाजूने. त्याआधी दोनच दिवस द्रमुकने केंद्र सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय चौकशीचा मुद्दा आला, तेव्हा तटस्थ. २०२१ मध्ये तटस्थ. २०२२ मध्ये तटस्थ. यातल्या प्रत्येक मताला काही ना काही कारण असेल. चौकशीची यंत्रणा फार घुसखोर आहे, हा २०१४ चा आक्षेप तर विचार करण्याजोगा होता. पण हे सगळे मिळून एक तत्त्व होते, असे कृपा करून सांगू नका. याला लहान मुले तळ्यात-मळ्यात म्हणतात.

राहिले तिसरे उत्तर, हितसंबंधांचे. चीन शेजारी आहे. गलवान २०२० मध्ये घडले आहे, सीमेवर सैन्य समोरासमोर आहे. श्रीलंकेत आपण दूर गेलो तर दुसरे कोणी जवळ येईल. आणि आज आपण दुसऱ्याविषयी बोललो तर उद्या आपल्याविषयी बोलले जाईल. आम्हांला विचाराल तर तिन्ही उत्तरांत हे सर्वांत प्रामाणिक. परराष्ट्रनीती म्हणजे कीर्तन नव्हे. पुण्यात पंख्याखाली बसून ‘घ्या भूमिका’ म्हणायला आमचे काय जाते? किंमत मोजायची ती सीमेवरच्या शिपायाने आणि जाफन्यातल्या मच्छीमाराने. हे भान ठेवूनच पुढचे बोलतो.

प्रश्न असा आहे, की तटस्थता म्हणजे नेमके काय? आम्हांला तिचे तीन प्रकार दिसतात. पहिली अज्ञानाची: मला पुरेसे ठाऊक नाही, म्हणून मी मत देत नाही. दुसरी धर्मसंकटाची: दोन्हीकडे कर्तव्य आहे आणि एक पाळले तर दुसरे मोडते. तिसरी सोयीची: मला ठाऊक आहे, कर्तव्यही कळते, पण परवडत नाही. तिन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, कारण फलकावर दिसणारी खूण एकच असते. फरक कळतो तो कारण सांगितल्यावर.

द्यूतसभा आठवा. द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी उत्तर दिले, की धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय करता येत नाही. हा तटस्थतेचा पहिला प्रकार की तिसरा, यावर हजारो वर्षे वाद चालू आहे. पण त्याच सभेत कौरवांपैकीच एक, विकर्ण, उठून म्हणाला की प्रश्नाचे उत्तर द्या. तो काही पांडवांच्या गटाचा नव्हता. त्याच्या बोलण्याने द्यूत रद्द झाले नाही. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे, एवढे त्याने सभेच्या नोंदीवर आणले.

आता पुन्हा ६ ऑक्टोबरकडे या. श्रीलंकेचा ठराव हा निष्कर्षाकडे नेणारा होता. ‘आमची अजून खात्री नाही’ किंवा ‘या मार्गाने तमिळांचे भले होणार नाही’ असे म्हणून तेथे तटस्थ राहता येते. आपण तेराव्या घटनादुरुस्तीची, प्रांतिक परिषदांच्या निवडणुकांची मागणी तेथे केली, तिला अर्थ आहे. पण शिनजियांगचा प्रस्ताव चर्चेचा होता. ज्याची खात्री झालेली नाही, त्याला तर चर्चा अधिकच हवी! निष्कर्षाबाबत तटस्थ राहणे समजू शकते. चर्चा व्हावी की नको याबाबत तटस्थ राहणे म्हणजे अज्ञान तसेच राहू द्या म्हणणे. आणि ‘संवादाचा मार्ग बरा’ म्हणणाऱ्याने संवादाच्या प्रस्तावाला मत द्यायचे नाही, हे तर वदतोव्याघात झाले. स्वतःचेच वाक्य स्वतः खोडणे. आमचा खरा आक्षेप येथे आहे.

यावर पाश्चात्त्य उपाय असा सुचवला जातो, की लोकशाही देशांनी एक गट करावा आणि एकगठ्ठा मत द्यावे. जून २००० मध्ये वॉर्सा येथे शंभरावर देशांनी तसा जाहीरनामा केला. भारत त्यात होता, किंबहुना निमंत्रक मंडळात होता. २००५ च्या संयुक्त राष्ट्र लोकशाही निधीला आपण एक कोटी डॉलर दिले. पण गट काही उभा राहिला नाही. एक कारण रचनेचे. परिषदेच्या ४७ जागा प्रदेशवार वाटलेल्या आहेत: आफ्रिका १३, आशिया-प्रशांत १३, लॅटिन अमेरिका ८, पश्चिम ७, पूर्व युरोप ६. देश निवडून येतात प्रदेशातून, आणि शेजाऱ्याला दुखवून पुढच्या वेळी मते मिळत नाहीत. दुसरे कारण अधिक खोल आहे. लोकशाहीवाल्यांचा क्लब म्हटला की सभासद कोण हे कोणीतरी ठरवणार. आणि ते ठरवणारा स्वतः २०१८ मध्ये परिषद सोडून जातो, २०२२ मध्ये परत येतो, २०२५ मध्ये पुन्हा निघतो! अशा यजमानाच्या घरी पंगतीला कोण बसेल?

पण सहकार्य झालेच नाही असे नाही. अमेरिकेने रिकामी केलेली जागा चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडला मिळाली. त्या चिमुकल्या देशाने फिलिपिन्समधील अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर जुलै २०१९ मध्ये ठराव आणला आणि १८ विरुद्ध १४ मतांनी मंजूर करून घेतला. २०११ मध्ये लैंगिक कलाच्या आधारे होणाऱ्या हिंसेवरचा पहिला ठराव दक्षिण आफ्रिकेने मांडला, ब्राझील सोबत होता. २३ विरुद्ध १९. श्रीलंकेवरच्या ठरावाच्या मुख्य प्रवर्तकांत ब्रिटन-जर्मनीबरोबर मलावी होता. येथे क्लब नव्हता. एक प्रश्न, वेगवेगळ्या खंडांतले दोन-चार देश, आणि हातात मसुदा. शिवाय या देशांपैकी कोणी धुतल्या तांदळाचा नाही. मलावी शिनजियांगवर आपल्यासारखाच तटस्थ राहिला.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. भारताने पश्चिमेच्या बाजूने मत द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. गाझावर त्याने पश्चिमेच्या विरुद्ध मत द्यायला हवे होते, असेच आमचे मत आहे. तेथेही आपण तटस्थ राहिलो. आम्ही म्हणतो, कारण सांगा. पत्रकार परिषदेतले एक वाक्य नव्हे, संसदेच्या पटलावर ठेवलेले कारण: ही तटस्थता तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे? सोयीची असेल तर तसे म्हणा. लोक समजून घेतील, किंवा घेणार नाहीत. लोकशाही आणि हुकूमशाही यांच्या मतांत फरक असलाच तर तो हा, की एकाला आपल्या मताचे कारण आपल्याच नागरिकांना द्यावे लागते. ते द्यायचे थांबले, की जिनिव्हाच्या फलकावर दोघांची मते सारखीच दिसतात.

उद्या आपले नाव कोणी त्या फलकावर आणले तर? आणू द्या. १९४६ ला आपणच म्हटले होते, की घरातला अन्याय हा फक्त घरातला नसतो. तो युक्तिवाद स्मट्सपुरता होता काय? एवढा प्रश्न तुमच्यापाशी ठेवून आम्ही थांबतो. आता प्रश्नोत्तरे आहेत. आमच्याशी न पटलेल्यांनी आधी उठावे.